हात न लावण्याची अट

अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या त्या शाळेत चित्रकलेला वेगळे शिक्षक नव्हते. महिन्यातून एकदा कुणाची तरी आई नाहीतर बाबा येऊन वर्गाला चित्रकला शिकवायचे. यंदा मंजुषाने एकदम दोन वर्ग अंगावर घेतले: धाकट्या देवचं किंडरगार्टन आणि अनयाची पाचवी. देवने ही बातमी बसच्या ड्रायव्हरलासुद्धा सांगून टाकली. अनयाने मात्र नाश्त्याच्या सीरियलच्या बाऊलमधून मान वर केली नाही.

"आई, प्लीज. माझ्या वर्गात नको."

"का गं?"

"यू नो व्हाय."

मंजुषाला चांगलंच माहीत होतं. मागच्या वर्षी अनयाने शाळेच्या प्रदर्शनासाठी सॅमन मासा रंगवला होता. ती पोहायला गेली असताना मंजुषाने त्याची शेपटी जराशी सरळ केली. शेपटी सरळ झाल्यावर डोळा वाकडा दिसायला लागला, म्हणून डोळा. मग खवले. मासा असा काही देखणा झाला, की त्याला बक्षिसाची रिबन मिळाली. अनया ती रिबन शाळेतच कचऱ्यात टाकून आली आणि दोन दिवस आईशी बोलली नाही.

"तुझ्या हातात ब्रश द्यायलाच नको यार," तेव्हा सत्यजित म्हणाला होता. नवऱ्याचं बोलणं तिने हसून सोडून दिलं. लेकीचं गप्प बसणं मात्र अजून आत कुठेतरी टोचत होतं.

शेवटी अनयाने परवानगी दिली, पण अट घालून. "कुणाच्याच कागदाला हात लावायचा नाही. माझ्या तर नाहीच."

"नाही लावणार."

"लावलास, तर परत कधीच यायचं नाही."

आधी किंडरगार्टन होतं. लहानग्यांना कात्री जमायची नाही म्हणून मंजुषाने सगळ्यांसाठी कागदाचे मोर घरीच कापून आणले होते; मान, तुरा, पिसांसकट. मुलांनी ते चटाचट चिकटवले आणि हात झटकून तिच्याकडे पाहिलं.

"आता काय?" देवने विचारलं.

आता काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. अर्ध्याहून जास्त तास शिल्लक होता. तिने उरलेल्या कपट्यांची पिशवी सरळ जमिनीवर उपडी केली. "घ्या. काय हवं ते करा."

मग खरी धमाल उडाली. कुणाच्या मोराला टोपी आली, कुणाच्या मोराला चाकं. देवच्या मोराला पाच पाय होते.

"पाच कशाला रे?"

"एक स्पेअर."

पाच पायांच्या मोराचं काय दुरुस्त करायचं? मंजुषा हसत हसत पाचवीकडे निघाली.

तिथे काळे कागद, खडू आणि ठिपक्यांची रांगोळी. तिने फळ्यावर ठिपके मांडून दाखवले, त्यांना वळसे घालत वेल कशी फिरवायची ते दाखवलं, आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे हात पाठीमागे बांधून ती फिरू लागली. कुणाची रेघ ठिपक्याला वळसा घालायच्या ऐवजी त्याच्यावरूनच जात होती, कुणाचं फूल कोबीसारखं फुगलं होतं. हात नुसते शिवशिवत होते.

"तुमचे हात दुखतायत का?" एका मुलीने इंग्रजीत विचारलं.

"नाही. त्यांना शिक्षा झालीये."

शेवटच्या बाकावर अनया. तिची रांगोळी सुबक होती, रेघ ठाम होती. फक्त डावीकडे खाली एक ठिपका वेलीबाहेर एकटाच राहिला होता. स्वतःला कळायच्या आत मंजुषाने बाकावरचा खडू उचलला. मग जपून, आवाज न करता, होता तिथे ठेवला.

"कशी झालीये?" वर न बघता अनयाने विचारलं.

'छान' म्हणून पुढे सरकता आलं असतं. पण ही पोर खोटं लगेच ओळखायची.

"छान झालीये. खाली एक ठिपका सुटलाय."

"माहितेय. मुद्दाम सोडलाय."

"मुद्दाम? कशाला?"

"तू काय करतेस ते बघायला."

म्हणजे शिकवायला आली होती मंजुषा, आणि परीक्षा चालली होती तिचीच.

"मग? पास?"

अनयाने विचार केला. "ऑलमोस्ट. तू खडू उचलला होतास."

"ठेवला ना पण लगेच."

"आय सॉ." अनया बाजूला सरकली आणि एक कोरा काळा कागद आईपुढे ढकलला. "हा तुझा. यावर काय हवं ते कर."

त्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन मंजुषा बसली आणि मन लावून ठिपके काढू लागली. थोड्या वेळाने शेजारून एक डोकं वाकलं.

"आई, तुझी इथली रेघ चुकलीये," अनया म्हणाली. "बघ, मी हात नाही लावलेला."