डाव्या पंखाची आसवं

सकाळी साडेसहा वाजता विमानाच्या डाव्या पंखाखालून पाण्याचा पहिला थेंब पडला. दोनशे माणसांच्या तोंडून एकदम हुंकार निघाला आणि पाठोपाठ वाट्या, बाटल्या, एका म्हातारीचं चष्म्याचं घर, जे हाताशी होतं ते पुढे झालं.

विमान जुनं, एका इंजिनाचं, चार माणसं बसतील एवढं. हँगरच्या दारात उभं होतं. विमानाच्याच छताला जोडलेल्या पंखाखाली पांढऱ्या कपड्यांतला आकाशबाबा, दोन बोटं वर टेकवून, डोळे मिटून.

"यात काय घालतात?" त्याने विचारलं.

"पेट्रोल!" गर्दी म्हणाली.

"आणि निघतं काय?"

"पाणी!"

"यंत्राला पाझर फुटला, बाळांनो, तुम्हाला कधी फुटणार? ढगांत हिंडून आलेला जीव आहे हा. तुमची दुःखं त्याने वरून पाहिली, म्हणून रडतोय. एकेक थेंब जिभेवर घ्या. गिळा. विचार करू नका."

या शेवटच्या बाबतीत गर्दीला सूचनेची गरज नव्हती. रांगेत एक औषधांचा दुकानदार होता, स्वतःच्या दुकानातल्या मधुमेहाच्या गोळ्या सोडून आलेला.

पहिला मान चिऊचा. ती विमानाच्या मालकाची मुलगी, चार वर्षांची. अजून एकही शब्द बोललेली नव्हती. आईने तिला पुढे धरलं. बाबाने ओंजळ तिच्या ओठांना लावली. चिऊने तोंड वाकडं केलं आणि थुंकायला लागली.

"पाप बाहेर पडतंय," बाबा म्हणाला.

चार वर्षांच्या पोरीचं पाप! कोणाला हसूही आलं नाही.

गर्दीच्या मागे काठी टेकून चिऊच्या आत्या उभ्या होत्या. मालकाची धाकटी बहीण. इथेच विमान चालवायला शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना कप्तानबाई म्हणत. पाय मोडून घरी पडल्या होत्या, प्लॅस्टर निघाल्यावर आज पहिल्यांदा आल्या होत्या. भावाने फोनवर एवढंच सांगितलं होतं की विमानाला सध्या विश्रांती दिली आहे.

बाकीचे बाबाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. कप्तानबाईंनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. थेंबाला निळसर झाक आली, आणि त्याच क्षणी बोटं खाली आली.

"आजची कृपा संपली!"

कप्तानबाईंनी भाऊ-वहिनीला कार्यालयात बोलावलं.

कार्यालयात शिरल्या शिरल्या त्यांनी दार लावून घेतलं. "दादा, पंखाखालच्या त्या तोटीतून काय येतं हे तुला ठाऊक नाही? अरे, तूच मला दाखवलं होतंस! प्रत्येक पंखात टाकी, तिच्या तळाला तोटी कशाला असते? उडण्याआधी थोडं पेट्रोल काढून बघायचं, पाणी साचलंय का. पाणी जड, ते खाली बसतं. तोटी दाबली की आधी पाणी, मग पेट्रोल. यात रडण्यासारखं काय आहे?"

दादा पेपरवेट फिरवत राहिला. "कळतं गं. पण रोज? एवढं? पूर्वी चमचाभरसुद्धा निघायचं नाही."

"ते बघू. चिऊला कधीपासून पाजताय?"

"महिना होईल," वहिनी म्हणाली. "आणि परवा ती 'आ' म्हणाली, वन्सं. मी ऐकलं."

"वहिनी, त्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. गाड्यांच्या पेट्रोलमधून कधीच काढून टाकलं, आमच्या या इंजिनांसाठी अजून घालतात. नाहीतर सिलिंडरमध्ये भडका अवेळी उडतो आणि इंजिनाच्या चिंधड्या होतात. निळा रंग ओळखीसाठी. ज्याला तुम्ही आसवं म्हणता ते पाणी रात्रभर त्या पेट्रोलखाली बसलेलं असतं, त्याचा अंश त्यात येतोच. शिसं लहान मुलांच्या मेंदूत जातं. बोलणं, शिकणं, पहिला घाव त्यावरच."

"तीन डॉक्टर झाले," वहिनी म्हणाली. "एक म्हणाला वाट बघा. एक म्हणाला कान तपासा. तिसरा म्हणाला, आईच बोलत नसेल मुलीशी. हा एकटाच म्हणाला, बोलेल."

दादा खालच्या मानेने म्हणाला, "रविवारी बाबा तिला घेऊन विमानात बसणार आहेत. मी उडवणार. ढगाला शिवलं की वाचा फुटेल म्हणतात."

"टाकी पूर्ण रिकामी करून घेतलीस ना?"

"नाही. आसवं पुसायची नसतात म्हणाले."

"शाबास! म्हणजे इंजिन हवेत बंद पडणार आणि तुम्ही तिघं ढगाला नाही, झाडाला शिवणार." मग त्यांनी विचारलं, "विमानाला आणखी काय काय करतो हा?"

"रोज संध्याकाळी स्नान घालतात," वहिनी म्हणाली. "शिडीवर चढून पंखावर पाणी ओततात. फक्त डाव्या. उजवा पंख पुरुषाचा, तो रडत नाही."

कप्तानबाईंनी भावाकडे पाहिलं. भावाने खिडकीतून शिडीकडे.

भर दुपारी, बाबा वामकुक्षीत असताना, दादा शिडीवर चढला आणि पंखावरचं टाकीचं झाकण त्याने उघडलं.

"रबरी रिंग नाहीये."

"झिजली असेल?" कप्तानबाईंनी मुद्दाम विचारलं.

"झिजली असती तर तुकडे चिकटलेले दिसले असते. खोबण साफ आहे. काढलीय कोणीतरी." त्याचा आवाज बदलला होता. ती रिंग पावसाचं पाणी टाकीत जाऊ देत नाही. काढली की झाकण म्हणजे नुसती चाळणी. त्यांनी पंख हलवून टाकीच्या कोपऱ्यांत अडकलेलं पाणी तळाला आणलं आणि तोटी दाबून ठेवली. बादली अर्धी झाली तेव्हा कुठे निळं पेट्रोल आलं. दादाने नवी रिंग बसवली आणि शिडी होती तिथे ठेवली.

संध्याकाळी स्नान नेहमीच्या थाटात झालं. माणसं तांबे घेऊन शिडी चढत होती आणि बाबा दाखवेल त्याच जागी, झाकणावर, धार धरत होती. औषधांच्या दुकानदाराने तीन तांबे ओतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाने बोटं टेकवली. पहिलाच थेंब निळा. त्याने हात झटकला, पुन्हा दाबलं. पुन्हा निळा. पेट्रोलचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला.

"दृष्ट लागली!" बाबा ओरडला. "कोणी पाप्याने हात लावला याला?"

"मी," दादा म्हणाला. "झाकणाला रबर बसवलं. दीडशे तांबे ओतलेत तुम्ही काल. एक थेंब आत गेला नाही."

त्याने शिडी चढून रिंग काढली, झाकण परत लावलं आणि औषधवाल्याच्या हातात तांब्या दिला. "ओता, साहेब. कालच्यासारखेच." तीन तांबे झाले. कप्तानबाईंनी थोडं थांबून खाली काचेची बरणी धरली आणि तोटी दाबली. आधी स्वच्छ पाणी आलं, मग निळं पेट्रोल त्याच्यावर तरंगलं.

"संध्याकाळी तुम्हीच वर ओतता, सकाळी तुम्हीच खाली पिता," त्या म्हणाल्या. "मधल्या मध्ये हा नुसती तोटी दाबतो."

एक आजोबा थरथरत पुढे आले आणि त्यांच्या पाया पडले. "माते, तुमच्याही हाताला आलं!"

"उठा हो आजोबा! नळाचं पाणी आहे."

"मूर्खांनो!" बाबा गरजला. "या कृपेवरच तर इंजिन चालतं!"

"मग बसा शेजारी. डाव्या टाकीवर चालू करते." बाबाचा गुडघा त्याच क्षणी दुखू लागला.

दादाने नळाच्या पाण्याची उरलेली बादली सरळ डाव्या टाकीत ओतली, चाकांना ठोकळे लावले, गर्दीला दोरीमागे हाकललं. कप्तानबाईंनी किल्ली फिरवली. नाकावरचा पंखा गरगरला, इंजिन धडधडलं, आणि टाळ्या पडल्या. "बाबा की..." कोणीतरी सुरुवात केली. इंजिन खोकलं. दोन आचके दिले. पंखा थांबला.

त्या उतरल्या. "टाकीतून नळी कार्बोरेटरला येते. तिथे पेट्रोलचा फवारा हवेत मिसळतो, सिलिंडरमध्ये ठिणगी पडते, भडका उडतो, दट्ट्या खाली जातो, पंखा फिरतो. नळीत होतं तेवढं पेट्रोल जळलं. मग तुमची कृपा आली. पाणी जळत नाही. तीनशे फुटांवर हेच झालं असतं."

वहिनीने चिऊला उचललं आणि कोणाशी न बोलता ती गाडीकडे चालू लागली. "वन्सं, चला," ती वळून म्हणाली. "दवाखान्यात."

गर्दी पांगायला वेळ लागला. एकाने कालचं पाणी अजून चालेल का असं विचारलं. दुसऱ्याने बाबांची पुढची जागा विचारून घेतली. औषधवाला म्हणत होता की त्याला पहिल्यापासूनच शंका होती. पुढे कळलं की आकाशबाबा आधी पेट्रोलच्या टँकरवर होता. पाणी तळाला बसतं हे ज्ञान त्याला तपश्चर्येशिवायच झालेलं होतं.

यात गूढ काहीच नव्हतं. शिडी तिथेच होती आणि झाकण हाताने उघडत होतं. कोणी "गिळा, विचार करू नका" म्हटलं तर गिळण्याआधी एकदा वास घ्यावा, शिडी चढावी, उजव्या पंखाची तोटीही दाबून बघावी. यासाठी शिकलेलं असावं लागत नाही. दोनशे माणसांना महिनाभर एवढंही जमलं नाही, आणि त्याची किंमत ज्या एकीला "नको" म्हणता येत नव्हतं तिने मोजली.

पोलिसांत तक्रार झाली आहे. बाबा सापडलेला नाही. चिऊच्या रक्तात शिसं निघालं, धोक्याच्या पातळीच्या कितीतरी पट. औषध सुरू आहे. ती बोलेल का, या प्रश्नावर डॉक्टरांनी आता सांगता येत नाही असं सांगितलं. पुन्हा तपासणी पुढच्या महिन्यात आहे. काल संध्याकाळपर्यंत ती काही बोललेली नाही.