सासऱ्यांचं पाचवं रूप

दहा विद्यार्थी नसतील तर संध्याकाळचा स्पॅनिशचा वर्ग बंद, असा आमच्या संस्थेचा नियम. माझ्याकडे होते नऊ. वर्ग बंद म्हणजे मी घरी, आणि घरी म्हणजे चोवीस तास सासरे. म्हणून मी सासऱ्यांनाच दहावा विद्यार्थी म्हणून भरती केलं. आगीतून निघून फुफाट्यात पडणं ते हेच.

सासरे म्हणजे निवृत्त बस-कंट्रोलर. उभ्या जन्मात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतलेला नाही. वर्गात मात्र मी "उभे राहा" म्हटलं की त्यांना उठावं लागे. खोटं कशाला बोलू, मला त्यात फार आनंद व्हायचा.

त्या आठवड्यात 'लेवांतारसे' चाललं होतं. म्हणजे उठणं. स्पॅनिशमध्ये माणूस स्वतःच स्वतःला उठवतो. त्याची 'सवड असती तर उठलो असतो' या थाटाची सहा रूपं पाठ करायची होती.

"स्वतःला कशाला उठवायचं? घरात माणसं नाहीत का?" सासऱ्यांनी विचारलं.

"पाठ करा," मी म्हणाले.

चार रूपं आली. पाचव्याला, म्हणजे 'तुम्ही सगळे'च्या रूपाला, जीभ अडायची. बाथरूममध्ये नळ सोडून ते घोकत बसायचे आणि पाचव्याशी अडलं की नळाला शिव्या घालायचे.

बुधवारी संस्थेचे तपासनीस आले. कुणाही एकाला उठवणार, त्याला आलं तर वर्ग राहणार. हजेरीवर त्यांचं बोट फिरलं आणि नेमकं दहाव्या नावावर थांबलं.

"उभे राहा," मी म्हणाले तसे सासरे उठले. "मे लेवांतारीया, ते लेवांतारीयास, से लेवांतारीया, नोस लेवांतारीयामोस..." आणि गाडी थांबली. मला सांगायची परवानगी नव्हती.

"राहू द्या आजोबा, बसा." तपासनीसांनी पेनला टोपण लावलं.

"तुम्ही कोण मला बसा म्हणणारे?" सासरे कडाडले. "बाईंनी उभं केलंय. बाई म्हणतील तेव्हा बसेन."

पंधरा वर्षांत "अगं" आणि "कुठं कडमडलीस" याखेरीज त्यांनी मला हाक मारली नव्हती. आणि आता एकदम बाई! मला रडू फुटायला आलं, आणि या माणसाला हे आत्ताच सुचावं याचा संतापही आला. पण दया येऊन बसवलं असतं तर वर्ग गेलाच होता.

"मग उभेच राहा," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

त्यांनी पहिल्यापासून धरलं. चौथं झालं. पाचव्याला डोळे मिटले, बस डेपोतली एक अस्सल शिवी ओठांपर्यंत आली होती ती गिळली, आणि म्हणाले, "ओस लेवांतारीयाइस." सहावं तर सुटल्यासारखंच आलं.

तपासनीसांनी टोपण काढलं. 'वर्ग चालू ठेवावा,' असं लिहून सही केली. सासरे अजून उभेच होते, माझ्याकडे बघत.

"बसा," मी म्हणाले. एवढा साधा शब्द, पण मलाही तो दुसऱ्या खेपेला जमला.