कोबा सरळ करायला आलेले लोक

मी एक जुना कोबा आहे. कान्ह्याच्या स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर महिपती आबांचं घर आहे. घरामागे भाड्याने द्यायच्या तीन खोल्या आहेत आणि त्यातल्या शेवटच्या खोलीत मी पसरलेलो आहे. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. चपला घालून माझ्यावर चालणाऱ्या कुणाशीही माझी मैत्री नाही, आणि तुमच्यातले बहुतेक जण चपला घालूनच येतात.

मी वाकडा आहे. तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो. गेली तीस वर्षं जो येतो तो दारात उभा राहून मला हेच ऐकवतो, जसं काही मला ठाऊकच नाही. कॉट टाकली तर तिच्या एका पायाखाली लाकडाचा तुकडा सारावा लागतो. कपाटाचं दार आपोआप उघडतं. सांडलेलं पाणी दाराकडे धावतं. पण मी वाकडा जन्माला आलो नाही. मला वाकडा केला, आणि ज्यांनी केला तेच पुढे मला नावं ठेवायला लागले.

ही जागा म्हणजे भाताचं खाचर होतं. आबांनी त्यात मुरमाचा भराव टाकला. असा भराव एक पावसाळा तसाच ठेवायचा असतो, म्हणजे तो नीट बसतो. पण टाकव्याला कारखाने आले होते, भाडेकरू खोली विचारून गेले होते, आणि आबांना धीर नव्हता. दिवाळी झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, नंदाबाईने, मला स्वतःच्या हातांनी घातलं. वर लाल रंग टाकून गुडघ्यांवर बसून घोटलं. त्या संध्याकाळी शेजारपाजारचे बघायला आले आणि वाकून माझ्यात स्वतःचं तोंड बघत होते. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच, एका संध्याकाळचं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. खळ्यावर झोडलेलं इंद्रायणीचं भात पोत्यांत भरून पडलं होतं आणि भर कार्तिकात पाऊस उतरला. घरात जागा नव्हती. "ठिवा हितंच, कोब्याला काय हुतंय," असं म्हणून नंदाबाईने पोती माझ्या अंगावर रचायला लावली. भिंतीला लागून चार थप्प्या. मी अजून पुरता सुकलो नव्हतो आणि खालचा भराव भुसभुशीत होता. मावळात भातापुढे कोब्याला कोण विचारतो? भात वाचलं. मी चार ठिकाणी खचलो, मध्ये फुगलो आणि दाराकडे उतरत गेलो.

तेव्हापासून मी माणसांवर राग धरून आहे. तो मी लपवत नाही. कारखान्यातला एक साहेब राहायला आला, त्याला मी दुधाच्या पातेल्यासकट पाडलं. दोन मुलं राहायला आली, ती माझ्या खड्ड्यांत विड्या विझवायची. त्यांतल्या एकाचा घोटा मी असा मुरगळला की तो महिनाभर लंगडत होता. सगळे मला शिव्या देऊन गेले. मला त्याचं दुःख झालं नाही.

मग संगीता आली. डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची मुलगी, टाकव्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. तिच्यासोबत तिची आई बाया होती. बायाची नजर काचबिंदूने गेलेली. पाड्यावर तिचं बघणारं आता कोणी उरलं नव्हतं, म्हणून संगीताने खोली घेतली होती. सकाळी सातला ती कंपनीच्या बसने जायची ती साडेचारला परत यायची. मधला सगळा वेळ ती आंधळी बाई आणि मी, दोघेच.

पहिल्याच दिवशी मी बायाला पाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडलं. तिने मला अशा शिव्या दिल्या की तीस वर्षांत तशा कुणी दिल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मात्र ती खाली बसली आणि सरकत सरकत, तळहाताने, मला सगळा चाचपून बघायला लागली. दोन दिवस तिचं तेच चाललं होतं. मग ती उठली आणि अनवाणी चालायला लागली. पहिल्या खड्ड्यात पाय गेला की डाव्या हाताला शेगडी. दुसऱ्यात गेला की पाण्याचा माठ. तिसऱ्यापाशी तिचं अंथरूण, चौथ्याला लागून मोरी. आणि पायाखाली उतार लागला की समोर दार. आठ दिवसांत ती एकटी स्वतःचं जेवण वाढून घ्यायला लागली, मोरीला जायला लागली, दारात जाऊन उन्हाला बसायला लागली. ज्या खोडीपायी सगळ्यांनी मला शिव्या घातल्या तीच धरून ही बाई चालत होती. खरं सांगतो, मला तिचा राग धरता येईना.

पण ज्याची माया असते तोच घात करतो कधी कधी. संगीताला वाटायचं, आई या जमिनीवर एक दिवस पडणार. कामावर तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. एका रविवारी नंदाबाई दारात आली तेव्हा संगीता तिला म्हणाली, "मावशी, जमीन लय वाकडी हाय. आई पडली म्हंजी मी कुटं बघू? अमृतभाऊ फरशीचंच काम करत्यात. त्यांना सांगा की."

अमृत म्हणजे नंदाबाईचा मुलगा. लोणावळ्याच्या बंगल्यांमध्ये फरश्या बसवायचं काम घेतो. त्याला माझी लाजच वाटायची. दुसऱ्यांच्या बंगल्यांत आरशासारखी जमीन करणारा माणूस आणि त्याच्याच घरामागे मी. तो लगेच पातळी बघायची पाणसळ आणि फरश्यांच्या नमुन्यांची पिशवी घेऊन आला, बूट न काढता.

मग दोन दिवस माझ्या डोक्यावर उभं राहून माझं काय करायचं ते ठरत होतं. टाइल्स बसवल्या तर मला फोडावं लागेल, नाहीतर जमीन इतकी वर येईल की दार उघडणार नाही. लाकडी पट्ट्या टाकल्या तर खड्ड्यांवर त्या अधांतरी राहतील आणि चालताना टकटक वाजतील. शिवाय आषाढात खालून ओल येते, पट्ट्या फुगतील. गालिचा टाकला तर तो पहिल्याच पावसाळ्यात कुबट होईल. "भाड्याच्या खोलीला लय खर्च नगं," नंदाबाई मधूनमधून म्हणत होती. शेवटी अमृतने ठरवलं, खड्डे सिमेंटने भरायचे, उंचवट्याभोवती आणि दाराकडे थर देऊन सगळं एका पातळीत आणायचं, आणि वर लाकडाचं चित्र असलेलं व्हिनाईल अंथरायचं.

"एकदम लेव्हल करतो ताई," तो संगीताला म्हणाला. "गोटी ठेवली तरी हलणार नाही."

बाया तेव्हा माझ्या तिसऱ्या खड्ड्यापाशी बसून तांदूळ निवडत होती. खोलीत तीन माणसं तिच्यासाठी जमीन निवडत होती आणि एकानेही तिला विचारलं नाही. ती खडे बाजूला टाकत राहिली. पाड्यावरची माणसं मालकाच्या देखत फारसं बोलत नाहीत.

संगीता आईला घेऊन चार दिवस पाड्यावर गेली आणि अमृत कामाला लागला. मित्रांनो, जुन्या घोटीव कोब्यावर नवं सिमेंट टाकायचं तर आधी छिन्नीने टाचे मारायचे असतात. म्हणजे जागोजाग टोचे पाडून तो खरबरीत करायचा, तरच नवं जुन्याला धरतं. हे अमृतला माहीत आहे. बंगल्यात तो हे सगळं करतो. पण ही भाड्याची खोली होती, आणि राहणारी माणसं पाड्यावरची. त्याने मला नुसतं झाडलं, पाणी शिंपडलं आणि माल ओतला. मी त्या मालाला धरला नाही. धरायचं मला काही कारणच नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मायलेकी परत आल्या. संगीता दारातच हरखली. बाया दोन पावलं आत आली आणि थांबली. पायाने पुढे चाचपलं, डावीकडे, उजवीकडे. सगळीकडे तेच, गुळगुळीत आणि सपाट.

"संगे," ती म्हणाली, "जमीन कुटं गेली?"

"आगं, सरळ केली. आता पडायचं भ्या न्हाई."

बाया जागची हलली नाही. लेकीने हात धरून तिला अंथरुणावर बसवली.

सोमवारी बाया माठाकडे म्हणून निघाली आणि शेगडीपाशी पोचली. नुकत्याच भाजलेल्या भाकरीचा तवा तापलेला होता, त्यावर तिचा तळहात टेकला. मंगळवारी ती दार शोधत कपाटावर आदळली. त्यानंतर तिने चालायचंच सोडलं. संगीता सकाळी जिथे बसवून जाई तिथेच ती संध्याकाळपर्यंत बसून राही. मोरीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नसे. आठ दिवसांत तिची जीभ कोरडी पडली, बोलणं जड झालं. मी व्हिनाईलखाली गुदमरत होतो आणि ती वर वाळत होती, आणि जमीन मात्र एकदम लेव्हल होती.

संगीताला वाटलं, आईचं वय झालं. "आई, मी काम सोडते. आपुन पाड्यावर जाऊ," असं ती एका रात्री म्हणाली आणि रडली. काम सोडलं तर खायचं काय, ते दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संगीता बसला गेल्यावर बाया भिंतीच्या कडेने सरकत मोरीपाशी गेली. तिथे विळा असायचा. तो घेऊन तिने व्हिनाईलची कड शोधली आणि फाडायला सुरुवात केली. दुपारपर्यंत तिने भिंतीलगतचा सगळा पट्टा आणि मधला, दारापर्यंतचा भाग उघडा केला. मग विळ्याचं टोक सिमेंटच्या कडेत घातलं आणि उचकटलं. मी कशालाच धरून ठेवलं नव्हतं, त्यामुळे भरलेल्या खड्ड्यांतून ढेपाच्या ढेपा निघून आल्या. तिची बोटं रक्ताळली. तरी तिने चारही खड्डे मोकळे केले आणि उंचवट्याभोवतीचा आणि दाराकडचा थर उपटला.

संगीता आली आणि कपाळाला हात लावून बसली. "आई, काय केलंस हे? आता खोली जाईल आपली."

"जाऊ दे," बाया म्हणाली. "जमीन बदलताना मला इचारलं व्हतंस का?"

संगीता उठली आणि पाणी घेऊन आली. तिने आईची बोटं धुतली आणि त्यांवर हळद लावली, आणि ती लावता लावता कुठला खड्डा कशाचा ते बायाने तिला सांगितलं.

सकाळ होताच उघड्या दारातून फाटकं व्हिनाईल बघून नंदाबाई आली, मागे अमृत. तिने दारातूनच तोंड सोडलं. "पोरानं राबून केलेली जमीन उकरली? तुमाला चांगलं दिलेलं बगवत न्हाई. आजच्या आज खोली खाली करा." अमृत आत आला. त्याने पडलेली एक ढेप उचलून उलटी केली. तिची खालची बाजू स्वच्छ होती, माझ्या लाल रंगाचा कणही तिला लागलेला नव्हता. मग त्याने दुसरी उचलली, तीही तशीच.

"आई, थांब जरा. मी टाचे मारले नव्हते," तो म्हणाला. "चूक माझी आहे. पुढच्या आठवड्यात नीट टाचे मारून परत करून देतो."

बघा, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. मी मनातल्या मनात त्याला शिवी दिली.

"न्हाई भाऊ," संगीता म्हणाली. ती त्याच्या आडवी उभी राहिली. "आमी हितं हाय तवर हिला हात लावायचा न्हाई. आईला दिसत न्हाई. ती या खड्ड्यांवर चालती. मला बी ते काल कळलं."

"दिसत न्हाई ती खड्ड्यांवर चालती म्हनं," नंदाबाई म्हणाली. "मला येडी समजती व्हय?"

एवढं भांडण चाललं असताना बाया उठली. आपल्याकडे दारात भांडायला आलेल्यालाही आधी पाणी द्यायची रीत आहे, आणि पाड्यावर ती जरा जास्तच पाळतात. ती भिंतीला हात न लावता चालत दुसऱ्या खड्ड्यात आली, वाकली आणि माठातून काठोकाठ पेला भरून घेतला. उंचवट्याला वळसा घालून ती उतारावर आली आणि दारात बरोबर नंदाबाईच्या समोर थांबली. माझ्यावर एक थेंब सांडला नाही.

"घ्या बाई. दाराशी आलाय," ती म्हणाली.

नंदाबाईने पाड्यावरच्या माणसांच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं. ती तसं बोलून दाखवत नसे. पेला पुढे आला की 'आत्ताच पिऊन आले' म्हणायची. यावेळी तिने आधी काठोकाठ भरलेल्या पेल्याकडे बघितलं. मग बायाच्या हळद लावलेल्या बोटांकडे. अमृत खाली मान घालून दाराबाहेर गेला आणि बूट काढायला लागला. मग नंदाबाईने पेला घेतला, उभ्या उभ्या सगळा प्यायली, आणि रिकामा पेला परत बायाच्या हातात ठेवला.

"ऱ्हावा," ती म्हणाली. "पर पडली तर माज्याकडं रडत यायचं न्हाई."

ती गेली. खोली राहिली. अमृतने ढेपा आणि फाटकं व्हिनाईल भरून नेलं, आणि त्या दिवशी प्रथमच तो माझ्यावर अनवाणी चालला. मी त्याला माफ केलेलं नाही. बाया आता पुन्हा दुपारी दारात उन्हाला बसते आणि दिवसातून चार वेळा पाणी पिते.

मित्रांनो, भाड्याच्या खोलीची जमीन निवडायला निघालात तर नमुन्यांची पिशवी घरी ठेवा. त्या घरात दिवसभर कोण असतं ते बघा, आणि त्याला विचारा. त्याने सांगितलं तर मला खुशाल फोडा, मी कुरकुर करणार नाही. न विचारता आलात तर मी काही धरून ठेवणार नाही, तुमचं सिमेंटही नाही आणि तुमचा तोलही नाही.