पडण्याची कला

माझं नाव भिकन. हे नाव कलावंताला शोभत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून नाटकाच्या हँडबिलावर मी ‘बी. ललितकुमार’ असं छापायला सांगत असे. छापखान्यानं एकदा ‘बी. ललिताकुमारी’ छापलं, आणि त्या वर्षी आमच्या नाटकाला नेहमीपेक्षा जास्त गर्दी झाली.

पोटासाठी खान्देशातून या गुजराती शहरात आलो; इथे मी रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात साड्या दाखवतो. गिऱ्हाईक बाई गादीवर बसली की साडी स्वतःच्या अंगावर घ्यायची, निऱ्या धरायच्या, पदर खांद्यावरून सोडायचा आणि मान किंचित कलती करून उभं राहायचं. शेठ म्हणतात, माझ्यासारखा पदर अख्ख्या मार्केटात कुणाचा पडत नाही. तरी मी स्वतःला साडीवाला समजत नसे. मी स्वतःला नट समजत असे. आमच्या गोडादरा वस्तीत असं समजणारा मी एकटाच होतो.

माझ्या बायकोचं नाव वर्षा. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. पण वर्षा मला जे बोलते ते जसंच्या तसं लिहिलं तर माझी उरलीसुरली अब्रूही जाईल, म्हणून तिचं बोलणं मी जरा इस्त्री करून लिहितो आहे.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी. संक्रांतीचे पतंग उतरले होते, मांजा अजून तारांना लटकत होता, आणि शहरात एकाच आठवड्यात सगळी कला एकदम आली. चित्रांचं प्रदर्शन, शास्त्रीय गाणं, गुजराती नाटक, मुंबईचा ऑर्केस्ट्रा, आणि शुक्रवारी आपल्या मराठी माणसांची हौशी नाट्यस्पर्धा. शिवाय सगळ्या रिक्षांच्या पाठीवर एक जाहिरात चिकटवलेली: रविवारी संध्याकाळी प्रोफेसर सम्राट यांचा संमोहनाचा खेळ. चित्रात प्रोफेसरांच्या डोळ्यांतून पिवळे किरण निघत होते.

स्पर्धेत आमच्या मंडळाचं नाटक होतं. लिहिणारे आणि बसवणारे राघोभाऊ. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि त्यांना वाटे की आपण दुसरीकडे कुठे जन्मलो असतो तर नाव काढलं असतं. मला त्यांनी बापाचं काम दिलं होतं. बाप आजारी असतो, पहिल्या अंकात खाटेवर पडल्यापडल्या मुलाला म्हणतो, “बाळा, घर सांभाळ,” आणि मरतो. बाकीचं नाटक त्या घराच्या वाटणीचं.

सोमवारच्या तालमीत राघोभाऊ म्हणाले, “भिकन, तू मरतोस, पण त्यात जीव नाही. जरा बघत जा. शहरात एवढं चाललंय, नटानं डोळे उघडे ठेवायला पाहिजेत.”

हे त्यांनी सहज म्हटलं असणार. मी मात्र ते मनावर घेतलं. घरी येऊन वर्षाला सांगितलं, “हा आठवडा मी रोज संध्याकाळी कार्यक्रम बघणार. अभ्यास आहे.”

“मरायचा अभ्यास?” ती म्हणाली. “त्यासाठी बाहेर कशाला जायचं?”

मंगळवारी दुकानातून परस्पर प्रदर्शनाला गेलो. हॉलमध्ये चित्रकार आणि मी, दोघंच. चित्रकार दाढीवाले, सज्जन गृहस्थ. मी एका चित्रापुढे थांबलो की तेही थोडे मागे थांबत. एका मोठ्या निळ्या चित्रापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. ते आशेनं जवळ आले. त्यांना काहीतरी चांगलं बोलावं असं मला मनापासून वाटलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात पुढे गेला. चित्राची कड चिमटीत धरून चोळून पाहिली आणि म्हणालो, “माल भारी आहे. धुतल्यावर आटणार नाही.”

त्यानंतर ते माझ्या मागे आले नाहीत.

बुधवारी गाणं. बुवांनी डोळे मिटून आलाप सुरू केला, मीही डोळे मिटून घेतले. मला जागं केलं ते शेजारच्या गुजराती काकांनी. माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि त्यांच्या शालीवर माझी लाळ. “भाई,” ते फार हळुवारपणे म्हणाले, “राग पूरो थई गयो.” मी उठून जोरात टाळ्या वाजवल्या. राग संपला होता, पण टाळ्याही संपल्या होत्या. एकट्या माझ्याच टाळ्या ऐकून बुवांनी माझ्याकडे पाहून नमस्कार केला.

गुरुवारच्या गुजराती नाटकात मात्र मला हवं ते सापडलं. त्यातला आजोबा मरताना एकदा डोळे मिटतो, सगळे रडू लागतात, आणि तो पुन्हा डोळे उघडून सुनेकडे चहा मागतो. प्रेक्षक हसता हसता गहिवरले. मी बसमध्ये घरी येईपर्यंत तेच मनात घोळवत होतो. आपला बाप असा मेला तर?

शुक्रवारी स्पर्धा. नाट्यगृह नदीच्या बाजूला होतं, तिथवर आमच्या गल्लीतली माणसं टेम्पो करून आली होती. कापडाच्या लूमवर बारा-बारा तास उभे राहणारे लोक, पण माझं मरण बघायला इस्त्रीचे कपडे घालून आले. मी खाटेवर पडलो. “बाळा, घर सांभाळ,” म्हणालो आणि मान टाकली. मुलाचं काम करणाऱ्या उखानं हंबरडा फोडला. उखा रडायला लागला की त्याला थांबवणं अवघड.

तेवढ्यात मी डोळे उघडले आणि म्हणालो, “बाळा, पाणी.”

उखा दचकला. लिहिलेलं नव्हतं. पण तो शहाणा, त्यानं पाणी दिलं. मी प्यालो, पुन्हा मान टाकली. त्यानं पुन्हा हंबरडा फोडला. समोर काळोखात शांतता होती. मला वाटलं, लोक गहिवरलेत. मग मी कोपरावर उठलो आणि म्हणालो, “आणि बाळा, तुझ्या आईला...” पुढे काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नव्हतं, म्हणून खोकलो. बराच खोकलो.

मागच्या रांगेतून आमच्या गल्लीतलंच कुणीतरी ओरडलं, “भिकन, मर ना रे आता! आम्हाला परत जायचंय!”

सगळं नाट्यगृह हसलं. परीक्षकही हसले. उखाला हसू आलं म्हणून त्यानं माझ्या अंगावर पडून तोंड लपवलं, आणि त्याच्या वजनाखाली मी एकदाचा मेलो. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा वाटणीचा निकाल लागलाच नव्हता. परीक्षकांनी नंतर सांगितलं की नाटकापेक्षा बाप मोठा झाला.

राघोभाऊ मेकअपच्या खोलीत आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, “दोन वर्षं लिहीत होतो मी हे.” मग म्हणाले, “भिकन, पुढच्या वर्षी तू पडदा ओढ.”

शनिवारी मी ऑर्केस्ट्राला गेलो नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. वर्षानं दोनदा चहा ठेवला, तो निवला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “उद्या तो डोळ्यांतून आग काढणारा बघायला जाऊ. तुमच्या अभ्यासासाठी नाही. मला बघायचाय म्हणून.”

लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि तिनं कधी काही बघायचंय म्हटलं नव्हतं. किंवा मी विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात मी रोज एकटाच कलेला जाऊन आलो होतो.

रविवारी मैदानावर मंडप भरला होता. बरेचसे आमच्याच भागातले लोक. राघोभाऊही पुढे बसलेले. प्रोफेसर सम्राट आले. काळा झगा, कपाळाला लाल टिळा. हिंदीतून म्हणाले की ज्याचं मन निर्मळ त्याला मी क्षणात झोपवतो, कोण येतं? पाचसहा तरुण उड्या मारत वर गेले. वर्षानं मला कोपरानं ढोसलं. “जा ना. काल दिवसभर झोपलातच की.”

मी गेलो. का गेलो ते विचारू नका. स्टेज दिसलं की माझे पाय माझे राहत नाहीत.

प्रोफेसरांनी पहिल्या तरुणाच्या डोळ्यांपुढे अंगठी फिरवली. “सो जाओ.” तो फिदीफिदी हसला. दुसऱ्यानं तर “चहा पिऊन आलोय” असं सांगितलं. तिसरा खाली बसलेल्या मित्राला हात करू लागला. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी कागदाचा बोळा फेकला. मी जवळून पाहिलं, प्रोफेसरांच्या टिळ्यावरून घामाचा ओघळ नाकावर आला होता.

ते माझ्यापुढे आले. माईकवर विचारलं, “क्या नाम है?”

“भिकन.”

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं; असं नाव आमच्याच मुलखात ठेवतात. त्यांनी माईक हातानं झाकला, अंगठी माझ्या नाकापुढे धरली आणि अगदी कुजबुजत म्हणाले, “खान्देशना शे का भो?”

मी चाट. “हा, शिरपूरकडना.”

“मी नेरना. दगा नाव शे मनं.” अंगठी फिरतच होती. “भाऊ, पडी जाय ना. तुना पाया पडस. मनी लाज राख.”

मी खाली पाहिलं. राघोभाऊ हाताची घडी घालून बसले होते. सगळी गल्ली होती. दोन दिवसांपूर्वी हेच लोक मला मर म्हणत होते आणि आता हा परका माणूस पड म्हणत होता. पण शुक्रवारी मला मरायचं होतं ते स्वतःसाठी. ह्या माणसाला माझ्या पडण्याची गरज होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी माझ्या अभिनयाची गरज होती.

“सो जाओ!” प्रोफेसर गरजले.

मी पापण्या जड केल्या. गुडघे सैल सोडले. काही खोकलो नाही, काही म्हणालो नाही. लाकडासारखा मागे गेलो आणि प्रोफेसरांच्या माणसांनी मला झेललं. मंडप गप्प झाला. मग अशा टाळ्या आल्या की मला उठून वाकून नमस्कार करावासा वाटला. महत्प्रयासानं पडून राहिलो.

पुढचा अर्धा तास मी जे सांगतील ते केलं. तापीत पोहलो, स्टेजवर पोटावर. थंडी वाजली, मग उकाडा झाला. कच्चा कांदा सफरचंद म्हणून खाल्ला आणि “गोड आहे” म्हणालो. “तुम एक सुंदर स्त्री हो,” असं म्हटल्यावर त्यांनी दिलेली ओढणी अशी काही खांद्यावरून सोडली की बायकांच्या बाजूनं ‘अगं बाई’ ऐकू आलं. माझ्या मागोमाग दोन तरुण खरंच पडले. म्हणजे, खरंच की काय ते त्यांनाच ठाऊक. शेवटी प्रोफेसरांनी टिचकी वाजवली, मी डोळे चोळत “मी कुठे आहे?” असं विचारलं, आणि मंडप उभा राहिला.

मी खाली उतरलो तो तरंगतच. राघोभाऊंनी माझे दोन्ही खांदे धरले. “भिकन! काय सहज! काय मोकळा! हाच तू, आणि शुक्रवारी काय झालं होतं तुला?”

मी म्हणालो, “राघोभाऊ, खरं सांगू? मी शुद्धीत होतो. अॅक्टिंग केली.”

ते एवढे हसले की डोळे पुसायला लागले. “अॅक्टिंग! तुला? अरे, तू शुद्धीत नव्हतास म्हणून तर जमलं!”

मी आणखी दोघातिघांना सांगून पाहिलं. लोक माझ्याकडे दयेनं बघत आणि म्हणत, आठवत नाही बिचाऱ्याला. सोमवारी दुकानात शेठनं लांबूनच तब्येतीची चौकशी केली, “भिकन, तबियत सारी छे ने?” आणि दिवसभर माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी एकदाच चांगलं काम केलं, आणि ते मी केलंच नाही असं सगळ्या गोडादऱ्याचं एकमत झालं.

रविवारी रात्री अंथरूण घालताना मी वर्षाला काही बोललो नव्हतो. तीच म्हणाली, “कांदा पुरा खायची गरज नव्हती.”

मी वळून पाहिलं.

“पडायच्या आधी मागे बघितलंत, झेलायला कुणी आहे का ते,” ती म्हणाली. “झोपलेला माणूस बघतो का? पण चांगले पडलात. मी उठूनच उभी राहिले. माहीत असूनही.”

एवढं बोलून तिनं दिवा मालवला. मी अंधारात बराच वेळ खूश होतो.

सोमवारी संध्याकाळी दगाभाऊ पत्ता शोधत घरी आले. झगा नव्हता, टिळा नव्हता. साधा शर्ट, पायात स्लीपर, शाळामास्तरासारखा माणूस. वर्षानं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. ते मान खाली घालून जेवले. “वहिनी, दोन महिने झाले हॉटेलचं खातोय,” म्हणाले आणि आणखी एक भाकरी मागून घेतली. नेहमी पहिला पडणारा त्यांचा माणूस तापानं नवसारीलाच राहिला होता, तेही त्यांनी सांगून टाकलं.

वर्षानं विचारलं, “पण दगाभाऊ, खरं कुणी झोपतं का हो कधी?”

ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, “एकदा अमळनेरला एक आजी झोपल्या. मीच घाबरलो.”

जाताना त्यांनी मला भरूचच्या पुढच्या खेळाला यायचा आग्रह केला. मी म्हटलं, रजा मिळणार नाही. खरं म्हणजे मला भीती वाटली, की दुसऱ्यांदा जमलं नाही तर जवळ होतं तेवढंही जाईल.

आठवड्याभरानं राघोभाऊ घरी आले. पुढच्या वर्षीचं नाटक डोक्यात घेऊन. खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला. “भिकन, तुला काम देतो. मोठं काम. फक्त एक कर. त्या प्रोफेसरचा पत्ता आहे ना तुझ्याकडे? त्यांना विंगेत उभं करू. तुझी एंट्री आली की त्यांनी तुला झोपवायचं आणि ढकलायचं स्टेजवर. बाकी मी बघतो.”

वर्षा आत पदर तोंडात कोंबून हसत होती, ते मला दिसत होतं.

“किती अंकांत काम आहे?” मी विचारलं.

“तिन्ही.”

“विचारून बघतो त्यांना,” मी म्हणालो.