एका शंतनुची चौकशी

बसवनगुडीतल्या आमच्या मराठी मंडळींत मुलीचं लग्न ठरवायचं म्हणजे आधी शामण्णांनी मुलाची चौकशी करायची, अशी रीत. पत्रिका जुळली, पगार कळला, मुलगी लाजली, तरी शामण्णा कानडीत "सरी", म्हणजे ठीक, म्हणेपर्यंत कोणी साखर वाटत नसे. गांधीबझारातलं भांड्यांचं दुकान आपल्या मुलाच्या हवाली केल्यापासून त्यांना दुसरं कामही नव्हतं.

त्यांची पद्धत साधी. मुलाच्या गल्लीत जायचं, भलत्याच माणसाचं घर विचारायचं, आणि ते सापडेपर्यंत इस्त्रीवाल्याच्या बाकावर बसायचं. ते सापडायचं नाहीच, कारण तसा माणूस नसायचाच. तेवढ्या वेळात इस्त्रीवाला, फुलवाली आणि दूधवाला मिळून मुलाच्या पणजोबांपर्यंत पोचत. सोबत मी. माझं काम कॉफी पिण्याचं. एकट्यानं विचारलं की चौकशी वाटते, दोघांनी विचारलं की गप्पा वाटतात, असं शामण्णांचं म्हणणं.

एकदा मल्लेश्वरमला फुलवालीनं मुलाचं नाव ऐकून बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "असेल कोणीतरी, अण्णा." शामण्णा तिथूनच उठले. बसमध्ये मला म्हणाले, "श्रीरंगा, त्यांना कळव. ठरवून टाका म्हणावं." का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते जोडपं अजून सुखात आहे.

मग घरच्याच नातीची वेळ आली. अनुषानं आपला आपण मुलगा निवडला. शंतनु वानखडे, मूळ नागपूरचा, ऑफिस आणि बिऱ्हाड दोन्ही मारतहळ्ळीला. तिचे वडील प्रदीपकुमार म्हणाले, "अज्जा सरी म्हणाले तर माझं काही नाही."

"आणि नाही म्हणाले तर?" अनुषानं विचारलं.

प्रदीपकुमार पेपर वाचू लागले. मुलगा रविवारी कॉफीला येणार होता.

आम्ही मारतहळ्ळीला गेलो. इमारत एवढी उंच की वरचे मजले बघताना शामण्णांची टोपी पडली. गेटवर पहारेकऱ्यानं विचारलं, "कोणाकडे?" शामण्णांनी रीतीप्रमाणे तोंडाला आलं ते नाव सांगितलं, "भीमसेन." दुर्दैवानं तिथे एक भीमसेन राहत होते. पहारेकऱ्यानं वर फोन लावला आणि भीमसेन म्हणाले, पाठवा. त्यांच्या घरचा पाण्याचा फिल्टर बिघडला होता आणि ते सकाळपासून दुरुस्तीवाल्याची वाट बघत होते.

शामण्णांनी फिल्टर उघडून बघितला, मान हलवली, परत झाकला आणि सहज विचारलं, "या इमारतीत वानखडे म्हणून कोणी आहेत काय?"

"कल्पना नाही," भीमसेन म्हणाले. "आम्ही इथे चारच वर्षं आहोत."

बाहेर पडलो तर समोरच्याच दारावर वानखडे अशी पाटी होती. दाराला कुलूप होतं. खाली इस्त्रीवाला नव्हता, फुलवाली नव्हती. कपडे मोबाईलवरून जायचे आणि मोबाईलवरून यायचे.

घरी आल्यावर अनुषा वैतागली. "अज्जा, तिथे कोण काय सांगणार? नेटवर शोधा की हवं तर." तिनं आपला जुना टॅबलेट आणून दिला, शोधायची पट्टी दाखवली, इथे लिहायचं आणि इथे दाबायचं म्हणाली, आणि ऑफिसला गेली. तिथेच तिचं चुकलं.

शामण्णांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "नमस्कार. मी बसवनगुडीचा शामसुंदर. नातीच्या लग्नासंबंधी थोडी चौकशी होती."

टॅबलेटनं बसवनगुडीतली मंगल कार्यालयं दाखवली. खाली केळीच्या पानावर जेवण वाढणारे आचारी आणि सनईवाले.

"याला स्वल्प घाई आहे," शामण्णा म्हणाले. "अजून मुलगा ठरायचाय."

"नाव घाला, शामण्णा."

"ओळख नाही, पाळख नाही, एकदम नाव घालू?" पण घातलं. नाव पुरं होतंय तोच पट्टीखाली आपोआप ओळी उमटल्या. शंतनु वानखडे वय. शंतनु वानखडे शिक्षण. शंतनु वानखडे पत्नी.

शामण्णांचा हात थांबला. "श्रीरंगा, याला बायको आहे."

मी वाकून बघितलं. "आहे असं नाही म्हटलेलं. लोक असं शोधतात, एवढंच."

ते विचारात पडले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलंय. वय विचारलं, शिक्षण विचारलं, बायको आहे का विचारलं. दुसरे मुलीवालेच हे. मुलगा मागणीतला आहे."

तिथून त्यांना गोडी लागली. सगळ्यात वर एका विवाहसंस्थेची जाहिरात होती, तिच्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं. "हे मुलाकडचे," म्हणून शामण्णांनी ती सोडून दिली. मुलाकडचे काय, चांगलंच सांगणार. त्याखाली बातम्या. शंतनु वानखडे जिल्हा कुस्ती स्पर्धेत उपविजेता. वाशीमला शंतनु वानखडे ट्रॅक्टर स्पेअर पार्ट्स, प्रोप्रायटर स्वतः. नगरपालिकेला उभे राहिलेले शंतनु वानखडे, पडलेले. संत्र्याच्या झाडावरल्या किडीवर प्रबंध. विरहाच्या कवितांचा एक संग्रह.

"प्रत्येक फोटोत माणूस निराळा दिसतोय, शामण्णा."

"लग्नाआधी इंदिराचा फोटो मला दाखवला होता, तेव्हा ती तरी कुठे तशी होती? मिशी काढली असेल." स्वयंपाकघरात इंदिराबाईंनी झाकण जरा जोरात ठेवलं. शामण्णांनी आवाज उतरवला. "दुकान आहे, म्हणजे कष्टाळू. कुस्ती आहे, म्हणजे तब्येत. पडला, म्हणजे आता गर्व नसेल. एकच गोष्ट खटकते. विरह कोणाचा?"

रविवारी मुलगा आला. सडपातळ, चष्मेवाला, हातात मिठाईचा डबा. इंदिराबाईंनी चिरोटी आणि कॉफी ठेवली. अनुषा आजोबांच्या समोर बसली, त्यांच्या तोंडाकडे बघत. शामण्णांनी आधी मुलाचे कान निरखले. पैलवानाचे कान असे नसतात.

"कुस्ती सोडलीत काय?"

"कोणती कुस्ती, आजोबा?"

"लाजू नका. उपविजेता म्हणजे काही कमी नव्हे. आणि ट्रॅक्टरच्या दुकानात हल्ली कोण बसतं?"

"आमच्याकडे ट्रॅक्टर नाही न. बाबांची एक स्कूटर आहे."

"परत उभे राहणार?"

मुलगा चटकन उभा राहिला.

"निवडणुकीला हो. बसा."

"मी तर सोसायटीच्या मीटिंगलाही जात नाही."

"सरी," शामण्णा पुढे सरकले. "आता शेवटचं. घरचीच माणसं आहेत, खरं सांगा. विरह कोणाचा?"

प्रदीपकुमारांचा कप हवेतच राहिला.

"हो, कोणाचा?" हे अनुषानं विचारलं.

मुलगा घामाघूम झाला. टॅबलेट मागवला गेला. अनुषानं वरून खालपर्यंत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अज्जा, ही पाच वेगवेगळी माणसं आहेत."

"नाव एक आहे."

"गांधीबझारात शामसुंदर किती आहेत?"

"पुष्कळ. पण इस्त्रीवाल्याला विचारलं तर तो आधी विचारतो, कोणता? यानं एकदा तरी विचारलं काय?" मग त्यांनी मुलाकडे वळून जरा आशेनं विचारलं, "बरं, यातले तुम्ही कोणते?"

"यातला एकही नाही, आजोबा."

हातातोंडाशी आलेलं स्थळ गेल्यासारखे शामण्णा मागे टेकले. प्रदीपकुमार खाकरले. "मग बाबा, सरी म्हणायचं की नाही?"

"कसं म्हणू? मी चौकशी केली ती बाकीच्यांची. याची कुठे झालीय?"

अनुषानं ओठ आवळले आणि टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. "बघा, अशी करतात. नावाच्या दोन्ही बाजूंना ही अवतरणचिन्हं द्यायची. पुढे गाव. मग कॉलेज, मग कंपनी. म्हणजे दुसरा कोणी मध्ये येत नाही." शामण्णांनी स्वतः लिहिलं, स्वतः दाबलं. तुमच्या शोधाशी जुळणारे काहीही आढळले नाही, अशी ओळ आली.

"परत बघ."

तिनं कंपनी काढून शाळा घातली. तीच ओळ.

"बरं नाही, वाईटही नाही?"

"काहीच नाही, अज्जा." तिचा आवाज पडला.

"मी कुठे काही टाकत नाही न," मुलगा ओशाळून म्हणाला. "प्रोफाइल उघडायचं पण राहूनच गेलं."

शामण्णांनी टॅबलेट बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखत होतो. मल्लेश्वरमहून परतताना बसमध्ये होती तीच.

"एवढी मोठी गल्ली," ते सावकाश म्हणाले, "सगळं जग तिच्यात बसलंय, कोणाचंही काहीही सांगायला तयार. आणि या मुलाबद्दल कोणाकडे सांगण्यासारखं काही नाही."

"म्हणजे?" अनुषा.

"म्हणजे कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. असा मुलगा चौकशीत मला एकदाच मिळाला होता. सरी. इंदिरा, साखर आण."

इंदिराबाई साखरेची वाटी घेऊनच दारात उभ्या होत्या. अनुषानं आजोबांना वाकून नमस्कार केला, मुलानं तिचं बघून केला. प्रदीपकुमारांनी कॉफी संपवली.

"कुस्ती तेवढी असायला हवी होती," शामण्णा मुलाच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले. "असो."

मंडळी साखर खात असताना त्यांनी टॅबलेट पुन्हा मांडीवर घेतला आणि सावकाश लिहिलं, "नमस्कार. मी बसवनगुडीचा शामसुंदर. मुलगा ठरला. त्या दिवशी तुम्ही कार्यालयं दाखवत होता, ती आता दाखवा."