पोटात वाकणारा सुरा

मित्रांनो, मी एक जुना रबरी सुरा आहे. सिनेमातले खून करणं हे माझं काम. पात्याला चंदेरी रंग दिला, हाताला खरा लागावा म्हणून मुठीत शिसं भरलं, आणि मी कामाला लागलो. उमेदीच्या काळात मी कितीतरी गळे चिरले, पोटं फाडली. मेलेले सगळे उठून चहा प्यायचे.

एकदा शहरातल्या जिवंत गुंडावरच सिनेमा निघाला. लोक त्याला तोंडावर दादा म्हणत. मागून काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. सिनेमात दादा मार खाऊन रडतो, असं दाखवलं होतं. ते कानावर जाताच दादा त्याची भूमिका करणाऱ्या नटाचा कोथळा काढायला थेट सेटवर आला.

दारात माझे सांभाळकर्ते, सिनेमाचं सामानसुमान बघणारे प्रॉपर्टीवाले काका बसले होते. त्यांचा नियम कडक होता. आपलं हत्यार जमा करायचं आणि काका देतील तेच घेऊन आत जायचं. त्या दिवशी सेटवर गुंडांची कामं करणाऱ्या भाड्याच्या माणसांची झुंबड होती. काकांनी दादाच्या कमरेचा सुरा सरळ उपसून घेतला.

"घरची हत्यारं आणायची नाहीत, किती वेळा सांगू?" म्हणत त्यांनी मला त्याच्या हातात कोंबलं. "आणि चेहऱ्यावर जरा राग आण. गुंड वाटत नाहीस तू."

दादाला आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. तो चक्क "बरं" म्हणाला.

आत जाऊन त्याने नटाचे केस धरले. "मला रडका दाखवतोस? मला?"

त्याने मला पोटात खुपसलं. मग बरगडीत, गळ्यावर, पुन्हा पोटात. शर्टाखालची रक्ताची पिशवी फुटली, भिंतीवर चिळकांड्या उडाल्या. नटाला वाटलं, शॉट चाललाय. तो किंचाळला, आतडी हातात धरून तडफडला (तीही रबरी, आमच्याच नात्यातली) आणि मेला.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "मरणारा झकास. मारणारा अगदीच खोटा. सुरा धरायला कुणी शिकवलं नाही का रे तुला?"

नट उठून चहा मागू लागला. दादाने माझं वाकलेलं पातं पाहिलं, मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

"बघा," नट दिग्दर्शकाला म्हणाला, "मी असाच रडलो होतो की नाही?"

दादा आपला सुरा न्यायला परत आलाच नाही. लाज वाटली असावी.

आता माझा रंग उडालाय. अंगावरचं सुकलेलं रक्त कुणी पुसत नाही. दादाचा सुरा माझ्या शेजारीच पेटीत असतो. त्याची धार अजून तश्शीच आहे. काकांना हल्ली नीट दिसत नाही. हाताला लागेल तो सुरा देतात. उद्या सकाळी त्याच नटाचा पुन्हा खून आहे.

म्हणून मित्रांनो, एकच विनवणी. घरातल्या म्हाताऱ्यांचे डोळे वेळच्या वेळी तपासून घ्या. उद्या सकाळच्या आत जमलं, तर फारच बरं.