तिरपा घोडा

आप्पांनी चारच्या घरात घोडा ठेवला आणि माई पुठ्ठ्यावर वाकली. तिथून अडीच घरांवर दुसरा चार ढळढळीत दिसत होता.

आप्पा आयुष्यभर नकाशे काढायचे आणि माई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. दोघं निवृत्त झाली आणि एकाच वर्तमानपत्रावरून भांडू लागली. पानाच्या एका बाजूला त्यांचं बुद्धिबळाचं कोडं यायचं, मागच्या बाजूला तिचं सुडोकू. कात्री लावली की एकाचा बळी जाणार.

"राहू दे गं तुझं ते आकड्यांचं विणकाम."

"आणि तुमची ती लाकडी वरात?"

एकदा आप्पांनी चिडून पान खिडकीच्या काचेला लावलं. उजेडात मागची बाजू पुढे उमटली आणि माईच्या पाचाच्या घरात एक काळा घोडा उभा दिसला. दोघंही बघत राहिली.

तेव्हापासून दोघांचं मिळून एकच कोडं. माई मोठ्या पुठ्ठ्यावर चौकट आखून पेन्सिलीने एक ते नऊ आकडे भरायची आणि त्याची नक्कल एका कागदावर ठेवायची. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत, नऊ घरांच्या खणात एकही आकडा पुन्हा यायचा नाही. मग आप्पा त्यात घोडे उभे करायचे. घोडा ज्या आकड्यावर उभा, तो आकडा त्याच्या अडीच घरांच्या उडीवर कुठेही नसायला हवा. मग आप्पा बरेचसे आकडे पुसायचे, घोड्यांखालचेसुद्धा. उरलेल्यावरून सगळी चौकट पुन्हा भरता आली पाहिजे, आणि एकाच तऱ्हेने.

पुढे आप्पांना नावं सापडेनाशी झाली. मग ओळखीच्या वाटा. लेकीने अशा माणसांना सांभाळणारी एक बरी जागा पाहून ठेवली. माई हटून बसली. शेवटी लेक म्हणाली, "ठीक आहे. आप्पांना कोडं जमतंय तोवर मी गप्प. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी तू गप्प."

आज लेक आत कॉफी करत होती. आप्पांनी दुसरा घोडा ठेवला. तोही चुकला. तिसराही.

माईचा हात पुढे झाला. लेक यायच्या आत घोडे हलवता आले असते. पण तिचं लक्ष आप्पांच्या बोटाकडे गेलं. बोट घोड्यावरून तिरपं सरकत होतं. एक घर, दोन, तीन. थांबलं. परत घोड्यापाशी आलं आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे निघालं. प्रत्येक घोड्याला तसंच. मग आप्पा आकडे पुसू लागले. एक पुसलेला परत लिहिला, बराच वेळ पाहिला आणि तसाच ठेवला.

"झालं," ते म्हणाले. "अवघड आहे हं जरा." आणि खिडकीशी जाऊन बसले.

लेकीने कप ठेवले आणि माईच्या भरलेल्या चौकटीची नक्कल पुठ्ठ्याशेजारी धरली. "माई, घोडा चुकलाय. हा पण. मला घोडा शिकवला तो आप्पांनीच गं."

"चुकलेला नाही. यांचा घोडा आता तिरपा चालतो. तीन घरं."

"अशानं काहीही बरोबर म्हणता येईल."

"मग सोडव. ती नक्कल इकडे दे. एकाच तऱ्हेने सुटतं का बघ."

सुटेल की नाही, माईला तरी कुठे माहीत होतं?

लेक बसली. कॉफीवर साय धरली. मधल्या खणात घोड्यापाशी ती अडली. "इथे सात की दोन?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"घोड्याला विचार," खिडकीतून आप्पा म्हणाले. वळलेसुद्धा नाहीत.

तिने तिरपं मोजलं. तिसऱ्या घरात दोन होता. म्हणजे सात. मग एकेक घर आपोआप भरत गेलं, आणि कुठेही दुसरी वाट उरली नाही. लेकीने पेन्सिल खाली ठेवली.

"आणि उद्या घोडा आणखी कसा चालायला लागला तर?"

"तर पुन्हा बोटाकडे बघायचं."

"बोटच थांबलं तर?"

माईने गार कॉफी एका घोटात संपवली.

"मग मी गप्प," ती म्हणाली, आणि नवी चौकट आखायला पट्टी घेतली.